पस्तिसावा हिस्सा

नमस्कार श्रोतेहो. आज एका घराण्याची वंशावळ उलगडायची आहे, पण सुरुवात मूळ पुरुषापासून न करता एका अपूर्णांकापासून करतो. पस्तिसावा हिस्सा. तेराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमधल्या एका बड्या घराण्याची मिळकत वाटली गेली, तेव्हा काही स्त्रियांच्या नावावर प्रत्येकी पस्तिसावा हिस्सा चढला. पस्तीसच का? तर वाटेकरी पाच बहिणी. त्यांतली एक आधीच वारलेली, आणि तिला सात मुली. पाच सत्ते पस्तीस.

घराणं मार्शलांचं. नावातच धंदा आहे. मार्शल म्हणजे मुळात राजाच्या पागेचा कारभारी. आपल्याकडे कुलकर्णी, देशमुख, पोतनीस ही वतनाची नावं जशी आडनावं झाली, तसंच तिथं झालं. या घराण्याचा सर्वांत गाजलेला पुरुष विल्यम मार्शल, जन्म ११४७ च्या आसपास, मृत्यू १२१९.

विल्यम हा धाकट्या मुलांपैकी एक, म्हणजे हाती काही नाही. तिथला कायदा असा की जहागीर थोरल्या मुलाची, बाकीच्यांनी आपली तलवार आणि आपलं नशीब सांभाळावं. लहानपणची एक गोष्ट सांगतात. ११५२ साली बाप जॉन याने पाच-सहा वर्षांच्या या पोराला स्टीफन राजाकडे ओलीस ठेवलं आणि दिलेला शब्द मोडला. किल्ला दे, नाहीतर पोराला फाशी देतो, असं राजाने कळवलं. बापाचं उत्तर आलं, की माझ्याकडे ऐरण आणि हातोडे शाबूत आहेत, याहून चांगली पोरं घडवीन. राजाला पोराची दया आली आणि तो वाचला.

गोष्ट झकास आहे. पण वंशावळ शोधणाऱ्याने इथे लगेच विचारायचं, की ही सांगितली कोणी? सांगितली आहे एका पद्यचरित्राने. जुन्या फ्रेंचमधल्या एकोणीस हजारांहून जास्त ओळी, आणि त्या लिहवून घेतल्या विल्यमच्या थोरल्या मुलाने, वडील गेल्यावर. म्हणजे पदरचे पैसे देऊन लिहवलेली बखर. आपल्याला बखरी ठाऊक आहेत, तेव्हा ती किती चिमटीने उचलायची हेही ठाऊक आहे. या हस्तलिखिताचीही एक हकीकत आहे. १८६१ मध्ये लंडनच्या एका लिलावात पॉल मेयर नावाच्या तरुण फ्रेंच अभ्यासकाने ते ओझरतं पाहिलं. ते विकत घेतलं सर थॉमस फिलिप्स या हस्तलिखितं जमवण्याचं वेड असलेल्या गृहस्थाने, आणि त्याच्या ढिगाऱ्यात ते गडप झालं. मेयरला ते पुन्हा पाहायला मिळालं १८८१ मध्ये. वीस वर्षं एक माणूस एका पोथीची वाट पाहत राहिला!

आता वर चढू या. विल्यमचा बाप जॉन, जॉनचा बाप गिल्बर्ट. राजाच्या खजिन्याचा हिशेब दर साली चामड्यावर लिहून त्याची गुंडाळी करत, त्यांना पाइप रोल म्हणतात. पहिल्या हेन्रीच्या काळातली अशी एकच गुंडाळी उरली आहे, ११३० ची. तिच्यात हा जॉन बापाची जमीन आणि बापाचं पद मिळावं म्हणून राजाचं देणं लागतो अशी नोंद आहे. गिल्बर्टच्या वर मात्र भरवशाचा कागद लागत नाही. म्हणून वंशावळ तिथे थांबवायची. अनेक हौशी मंडळी थांबत नाहीत. नॉर्मंडीतला कुणी सरदार, त्याच्या वर कुणी राजा, असं करत थेट नवव्या शतकातल्या सम्राट शार्लमेनपर्यंत पोचतात. पणजोबा मिळाला नाही की उसना आणायचा, ही खोड जुनीच आहे. ट्यूडर राजांच्या काळात, म्हणजे सोळाव्या शतकात, तर पैसे घेऊन असे पूर्वज पुरवणारे लोक होते.

विल्यमचं नशीब फळफळलं ते ११८९ साली, लग्नामुळे. तेव्हा त्याचं वय चाळिशीपलीकडचं. वधू इसाबेल दि क्लेअर, सतरा-अठरा वर्षांची. ही ‘स्ट्रॉंगबो’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या रिचर्ड दि क्लेअरची मुलगी आणि वारसदार, आणि आईकडून आयर्लंडमधल्या लेन्स्टरच्या राजाची, डर्मट मॅकमरोची, नात. तिच्याबरोबर वेल्सच्या सीमेवरचा चेपस्टो किल्ला आला, आयर्लंडमधला लेन्स्टर आला, आणि पुढे ११९९ मध्ये पेम्ब्रोकची अर्लगिरीही आली; अर्ल म्हणजे बडा सरदार. विल्यम शेवटी बालराजा तिसऱ्या हेन्रीचा राज्यकारभारी झाला. पण त्या वैभवाचा पाया बायकोच्या वतनाचा होता. पोवाडे नवऱ्याचे गायले गेले, एवढंच.

कागद-पेन्सिल जवळ असेल तर इथे तीन नावं लिहून घ्या, कारण याच जागी भले भले घसरतात. पहिली इसाबेल दि क्लेअर, विल्यमची बायको. तिला मुलगी झाली, तिचं नाव इसाबेल मार्शल. तिचं लग्न १२१७ मध्ये गिल्बर्ट दि क्लेअरशी झालं, तीही क्लेअरांच्या घरची झाली. तिला मुलगी झाली, नाव पुन्हा इसाबेल दि क्लेअर. आजी, आई, नात. एखाद्या सनदेत नुसतं ‘इसाबेल’ दिसलं, की साल कोणतं, जमीन कुठली आणि साक्षीदार कोण हे तपासल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. भरीस भर, मॉड आणि मटिल्डा ही एकाच बाईची दोन रूपं. लॅटिन कागदात मटिल्डिस, बोलण्यात मॉड. त्यांना दोन बहिणी समजून वंशावळीत एक फांदी जास्त काढलेली मी पाहिली आहे.

सालांचाही घोळ असतो. कागदावर सन नसतो, राजाच्या राज्याचं वर्ष असतं. तिसऱ्या हेन्रीचं तिसावं वर्ष म्हणजे २८ ऑक्टोबर १२४५ ते २७ ऑक्टोबर १२४६. जिथे सन लिहीत, तिथे नवं साल बहुधा २५ मार्चला लागे. म्हणजे फेब्रुवारीत मेलेला माणूस कधी कधी आपल्या हिशेबाने वर्षभर आधी मेलेला दिसतो.

आता मुलगे. विल्यम आणि इसाबेलला पाच मुलगे झाले आणि पाच मुली. थोरला विल्यम, लग्न राजाच्या बहिणीशी, एलिनॉरशी. १२३१ मध्ये गेला, मूल नाही. दुसरा रिचर्ड, आयर्लंडमध्ये किल्डेरच्या माळावर लढाईत जखमी झाला आणि १२३४ मध्ये किल्केनीच्या किल्ल्यात वारला. मूल नाही. तिसरा गिल्बर्ट, खरं तर पाद्री व्हायचा, अर्ल झाला आणि १२४१ मध्ये एका झुंजीच्या खेळात लगाम तुटून घोड्याने त्याला फरफटवलं. वैध वारस नाही. चौथा वॉल्टर १२४५ च्या नोव्हेंबरात गेला आणि पाचवा अन्सेल्म त्याच डिसेंबरात. दोघांनाही मूल नाही. पाच भाऊ, एकामागून एक, आणि १२४५ च्या नाताळापूर्वी मार्शल अर्लांचा पुरुषवंश संपला.

सेंट ऑल्बन्सचा भिक्षू मॅथ्यू पॅरिस याने यामागे शाप सांगितला आहे. बाप विल्यम मार्शलने आयर्लंडमधल्या फर्न्सच्या बिशपची दोन गावं बळकावली. विल्यम मेल्यावर बिशप लंडनला टेंपल चर्चमधल्या त्याच्या थडग्याशी आला, गावं परत द्या, मृतात्म्याला मोकळं करतो म्हणाला. मुलांनी नकार दिला. तेव्हा, एका पिढीत याचं नाव पुसलं जाईल, असं तो बोलून गेला. निर्वंशाचा शाप आपल्या कथांतही पावलोपावली भेटतो, त्यामुळे आपल्याला हे चटकन पटतं. माझं मत विचाराल तर गावांचं भांडण खरं धरावं. शापाचे शब्द मात्र, शाप फळल्याचं दिसल्यावर घोटून घेतलेले वाटतात.

आणि गंमत अशी, की निर्वंश झालेल्या या घराण्याची माहिती आपल्याला चांगली मिळते ती निर्वंश झाल्यामुळेच. मुलगा असता तर सगळं त्याच्याकडे गेलं असतं, लिहायला दोन ओळी पुरल्या असत्या. मुलगा नाही, तर मुलींना समान वाटे, असा कायदा. मग मोजणी आली, हरकती आल्या. कोण बहीण हयात, कोण मेली, मेलेलीची मुलं किती, त्यांचे नवरे कोण, हे सगळं लिहावं लागलं.

त्या सुमारास राजदरबाराने एक नवी पद्धत बसवायला सुरुवात केली होती. राजाकडून थेट जमीन धारण करणारा कुणी मेला, की एस्चीटर नावाचा अधिकारी स्थानिक पंच बसवून त्यांच्याकडून शपथेवर विचारून घेई, की मयताची जमीन कोणती, कधी मेला, सगळ्यात जवळचा वारस कोण आणि त्याचं वय काय. वय महत्त्वाचं, कारण वारस मुलगा एकवीस वर्षांच्या आतला असेल तर जमिनीचं उत्पन्न राजाचं आणि त्याचं लग्न ठरवायचा हक्कही राजाचा. तो हक्क राजे सर्रास विकत. पुढे वारस सज्ञान झाला की वयाचा दाखला घ्यायला साक्षीदार बोलावत. कुणी सांगे, याचा बाप्तिस्मा झाला त्याच दिवशी माझा पाय मोडला. कुणी म्हणे, त्याच आठवड्यात मला मुलगी झाली. वाचताना फार गोड वाटतं. पण तोच मोडलेला पाय वेगवेगळ्या परगण्यांतल्या कागदांत पुन्हा पुन्हा भेटू लागतो, तेव्हा कळतं की कारकुनाकडे आठवणींचा तयार साठाच असे.

तर वाटणी, मुख्यतः आयर्लंडमधल्या लेन्स्टरची. पाच बहिणींतली थोरली मॉड तेव्हा हयात होती. तिच्याकडे कार्लो आणि मार्शलचं पदही. इसाबेल १२४० मध्येच गेलेली, तिचा मुलगा रिचर्ड दि क्लेअर याला किल्केनी. सिबिलही गेलेली, तिच्या सात मुलींना किल्डेर. एव्हाच्या वारसांना डनामेस, आणि सगळ्यात धाकट्या जोनच्या वारसांना वेक्सफर्ड. यातून विधवांचे हिस्से वेगळे काढायचे होते, कारण भाऊ मेले तरी त्यांच्या बायका जिवंत होत्या. थोरल्या विल्यमची विधवा एलिनॉर हिने पुढे सायमन दि मॉंटफर्टशी लग्न केलं. तिला मार्शलांकडून मिळणारा हिस्सा कमी ठरवला गेला, ही तक्रार सायमनने राजाशी वर्षानुवर्षं लावून धरली. इंग्लंडच्या पार्लमेंटच्या इतिहासात ज्याचं नाव येतं तोच हा सायमन. त्याच्या बंडामागे मोठी तत्त्वं होती हे खरं, पण बायकोच्या हिश्शाची कुरकुरही होती.

एव्हाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. तिचा नवरा विल्यम दि ब्रेऑस याला वेल्सचा राजा लिवेलिन याने १२३० मध्ये फाशी दिलं. लिवेलिनच्या राणीच्या महालात तो सापडला होता. त्याआधीच एव्हाची मुलगी इसाबेला आणि लिवेलिनचा मुलगा डेव्हिड यांचं लग्न ठरलेलं होतं. फाशीनंतर लिवेलिनने एव्हाला आणि तिच्या भावाला पत्रं पाठवली, ठरलेलं लग्न अजून हवं आहे का, अशी विचारणा करणारी. नवऱ्याला फाशी देणाऱ्याच्या घरी मुलगी द्यायची का, हा प्रश्न त्या बाईपुढे कागदावर लिहून आला. लग्न झालं. एव्हाला काय वाटलं, ते कुठल्याच गुंडाळीत नाही.

मुलींच्या फांद्या पुढे कुठवर गेल्या ते पाहायचं तर १३१४ साली स्कॉटलंडमध्ये बॅनकबर्नच्या रणांगणावर चला. एका बाजूला स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस. त्याची आजी म्हणजे आपली तिसरी इसाबेल, तेव्हा हा विल्यम मार्शलचा खापरपणतू. समोर इंग्रज सैन्यात ग्लॉस्टरचा तरुण अर्ल गिल्बर्ट दि क्लेअर, दुसऱ्या इसाबेलच्या मुलाचा नातू, तोही खापरपणतू. हेरफर्डचा अर्ल हंफ्री दि बोहन, एव्हाच्या एलिनॉर नावाच्या मुलीचा नातू, म्हणजे आणखी एक खापरपणतू. आणि पेम्ब्रोकचा अर्ल एमर दि व्हॅलेन्स, जोनच्या मुलीचा मुलगा, हा पणतू. एक जिंकला, एक मारला गेला, एक कैद झाला, एक निसटला. त्यांतल्या एकाचंही आडनाव मार्शल नाही, त्यामुळे बापाकडूनच वर जाणाऱ्या वंशावळीत हे चौघे एकमेकांना ओळखही देणार नाहीत.

मारल्या गेलेल्या गिल्बर्टला वारस मूल नव्हतं. त्याची जहागीर तीन बहिणींत वाटली गेली. पुन्हा पंच, पुन्हा मोजणी.

एव्हाची आणखी एक मुलगी मॉड, मॉर्टिमरांच्या घरी दिलेली. तिच्या वंशात पुढे ॲन मॉर्टिमर झाली, ॲनचा नातू चौथा एडवर्ड १४६१ मध्ये इंग्लंडचा राजा झाला, आणि त्याच्या मुलीचा मुलगा आठवा हेन्री. मार्शलचं पद मात्र या रक्ताच्या वाटेने गेलं नाही. ते मार्शलच्या थोरल्या मुलीकडून, मॉडकडून, तिच्या बिगॉड आडनावाच्या मुलाकडे गेलं, १३०६ मध्ये तो वंशही संपला, पद राजाकडे आलं, आणि बरेच हात फिरून १६७२ मध्ये हॉवर्ड घराण्याला वंशपरंपरेने मिळालं. २०२३ च्या मे महिन्यात चार्ल्स राजांच्या राज्याभिषेकाची व्यवस्था पाहणारे नॉरफकचे ड्यूक ते याच पदाच्या नात्याने, अर्ल मार्शल म्हणून.

आणि तो पस्तिसावा हिस्सा? सिबिलच्या सात मुलींमध्ये थोरली ॲग्नेस, दि व्हेसी घराण्यात दिलेली. किल्डेरचा किल्ला तिच्या वाट्याला आला. तिचा मुलगा विल्यम दि व्हेसी याने १२९७ मध्ये किल्डेर राजाच्या स्वाधीन केलं. १३१६ मध्ये राजाने किल्डेरची अर्लगिरी फिट्झजेराल्डांना दिली. त्यांची वंशावळ वेगळी आहे, आणि तिच्यासाठी दुसरं दप्तर सोडावं लागतं. नमस्कार.