आधी बोलणं, निर्णय नंतर

नमस्कार श्रोतेहो.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा हे गोंड आदिवासींचं छोटंसं गाव आहे. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल सांभाळण्याचा आणि वापरण्याचा साऱ्या गावाचा मिळून हक्क, मिळाला आणि गावाचं नाव देशभर झालं. पुढे बांबू विकण्याच्या हक्कासाठीही गाव झगडलं. ते सगळं मोठंच आहे. पण मला आज सांगायचंय ते हे की, ही माणसं वादाच्या विषयावर बोलतात कशी.

मेंढ्याच्या ग्रामसभेत बहुमतानं निर्णय होत नाही, सर्वसहमतीनं होतो. एखाद्याला पटलं नाही, तर विषय पुढच्या सभेत जातो. आपल्याला वाटेल, असं कधी काम होतं का? होतं, कारण ग्रामसभेच्या आधी अभ्यास गट बसतो. तिथे कोणीही यावं, बाहेरगावच्या जाणकारानंही यावं, प्रश्न विचारावेत, माहिती घ्यावी. एकच बंधन आहे, तिथे निर्णय घ्यायचा नाही.

मला ही युक्ती फार मोलाची वाटते. निर्णयच व्हायचा नसेल, तर कोणाला हरवायचं कारण उरत नाही. शंका बोलून दाखवली म्हणून माणूस विरोधक ठरत नाही. काल मांडलेलं मत आज बदललं, तरी मान खाली जात नाही. अध्यक्षाच्या तोंडाकडे बघून बोलायचीही गरज पडत नाही. दारूसारखा घराघरात भांडण लावणारा विषय या गावानं असाच चर्चेतून हाताळला. २०१३ साली तर शेतजमिनींची मालकी ग्रामदानानं ग्रामसभेकडे देण्याचा निर्णय झाला. जमीन म्हटली की सख्खे भाऊ कोर्टात जातात, हे आपण जाणतोच.

या पद्धतीत एक धोका आहे. गप्प बसलेल्या माणसाची संमती गृहीत धरली जाते, आणि गप्प बसणाऱ्यांत बायका आणि तरुण पोरं जास्त असतात. म्हणून आवर्जून प्रत्येकाला विचारावंच लागतं.

तुमच्या सोसायटीत पुनर्विकासाचा वाद पेटला असेल, तर पहिल्या बैठकीत ठराव ठेवू नका. खुर्च्या गोल मांडा, समोर टेबल नको. सगळे एकदा बोलल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही. मतदान महिन्याभरानं घ्या. आणि त्या पहिल्या बैठकीला भाडेकरूंनाही बोलवा.

नमस्कार.