घरात वाढलेला शब्द : क्रिओलु

नमस्कार, लिस्बनकर मंडळी. लिस्बनहून आमादोराकडे जाणाऱ्या लोकलमध्ये एक बोली आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. पोर्तुगीजच वाटते, पण पदरात काही पडत नाही. केप वर्द या पश्चिम आफ्रिकेजवळच्या बेटांच्या देशाचे लोक तिला 'क्रिओलु' म्हणतात. त्यांना या नावाचा अभिमान आहे. पण हेच नाव ब्राझीलमध्ये कृष्णवर्णीय माणसाला हाक म्हणून वापराल, तर भांडण ओढवून घ्याल.

मुळात हा शब्द 'क्रियार' या पोर्तुगीज धातूपासून आला. त्याचा अर्थ वाढवणं, पोसणं. मालकाच्या घरात जन्मलेला, तिथेच वाढलेला गुलाम तो क्रिओलु. ब्राझीलच्या जुन्या कागदपत्रांत आफ्रिकेतून आणलेले आणि ब्राझीलमध्येच जन्मलेले गुलाम वेगळे नोंदवलेले असत; हे दुसरे क्रिओलु. पुढे जन्माचा संदर्भ गळाला, कातडीचा रंग तेवढा उरला.

स्पॅनिश मुलखात तर शब्दानं वर्णच बदलला. तिथे अमेरिकेत जन्मलेले गोरेही 'क्रिओयो' झाले. पेरूत जन्मलेला इतिहासकार इंका गार्सिलासो दे ला व्हेगा 1609 साली लिहितो की हा शब्द आफ्रिकी लोकांनीच काढला, स्पॅनिशांनी तो उचलला. खरंखोटं भाषापंडित बघतील. मला मात्र त्यानं हे श्रेय गुलामांना दिलं, हेच मोठं वाटतं.

ब्राझीलची गंमत अजून संपलेली नाही. तिथे 'क्रिओला' बियाणं म्हणजे आपलं गावरान बियाणं. 2003 च्या बियाणे कायद्यातही हा शब्द आहे. दक्षिणेकडे क्रिओलु जातीचा घोडा मिरवतात. बी आणि घोडा इथला असला की कौतुक, माणूस असला की शिवी!

आता आपल्या रायगडात या. कुंडलिकेच्या मुखाशी कोर्लई आहे. पोर्तुगीज 1740 मध्ये तिथून गेले, पण त्यांच्या भाषेतून घडलेली बोली गावातल्या ख्रिस्ती घरांत राहिली. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी. अशा मिश्र घडणीच्या भाषेला अभ्यासक क्रिओल म्हणतात, गावकरी 'नॉ लिंग', म्हणजे आपली भाषा. सुट्टीत अलिबागला जाल तेव्हा रेवदंड्याचा पूल ओलांडून तिकडे जा. किल्ला सगळेच बघतात, तुम्ही जरा गावातही थांबा. इथे लिस्बनमध्ये शिकलेलं पोर्तुगीज तिथे किती चालतं, ते मला येऊन सांगा.