इंधनाविना यान : तांब्याचा डबा आणि उन्हाचं शीड

नमस्कार श्रोतेहो.

बेळगावच्या उद्यमबागेत माझं मोजमापाचं काम आहे. लेथवाले, फाउंड्रीवाले आपले गेज आणि मायक्रोमीटर घेऊन येतात, ते खरं दाखवतात की नाही ते तपासून द्यायचं. असल्या माणसाला अवकाशयानावर बोलायला कुणी बसवलं, असं मच्छे-पिरनवाडीकडच्या ओळखीच्या मंडळींच्या मनात आलं असेल. पण इंधनाविना यान पळवण्याच्या एका दाव्याचा निकाल शेवटी मोजमापाच्या टेबलावरच लागला, म्हणून हो म्हटलं.

यान पुढे जायचं तर काहीतरी मागे ढकलावं लागतं. वर पायाखाली जमीन नाही, चाकाखाली रस्ता नाही. म्हणून रॉकेट मागे फेकायचा माल सोबत घेऊनच निघतं. पंचाईत अशी की, नंतर फेकायचा माल वाहून न्यायला आधी आणखी माल जाळावा लागतो. त्सिओल्कोव्हस्की या रशियन शिक्षकाने १९०३ साली हे गणित मांडलं, आणि त्यातून अजून कुठल्याही रॉकेटची सुटका झालेली नाही. १४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ निघालं तेव्हा रॉकेटसकट सगळा डोलारा सुमारे ६४० टनांचा होता आणि त्यात यान जेमतेम ३.९ टन. त्या यानातही चंद्रापर्यंत नेणारं प्रॉपल्शन मॉड्यूल २,१४८ किलोंचं, आणि त्यातले सुमारे १,७०० किलो पुन्हा इंधनच!

मग काहीच न फेकता जाता आलं तर? रॉजर शॉयर या ब्रिटिश इंजिनियरने तसा दावा केला. त्याच्या यंत्राचं नाव एमड्राइव्ह. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळता असा तांब्याचा बंद डबा. आत मायक्रोवेव्ह सोडायच्या, घरच्या ओव्हनमध्ये असतात त्याच जातीच्या. त्या आतल्या आत आदळत राहतात आणि डबा म्हणे एका बाजूला रेटा देतो. बाहेर काहीच पडत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये नासाच्या ह्यूस्टनमधल्या एका छोट्या गटाने आपलं मोजमाप छापलं : निर्वात पेटीत, एका किलोवॅट विजेला १.२ मिलिन्यूटन रेटा. मग काय, मंगळ सत्तर दिवसांत वगैरे बातम्यांना ऊत आला.

हा रेटा केवढा ते बघा. ऐंशी वॅट वीज दिली तर सुमारे दहा मिलिग्रॅम वजनाइतका. तांदळाचा एक दाणा याहून जड भरतो.

लहान आहे म्हणून खोटा, असं मी म्हणणार नाही. अडचण वेगळीच होती. वीज तेवढीच आणि रेटा कायम तेवढाच राहणार असेल, तर यानाचा वेग सेकंदाला सुमारे ८३३ किलोमीटरच्या वर गेला की, आपण जितकी वीज घालतो त्याहून जास्त ऊर्जा यानाला मिळायला लागते. म्हणजे फुकटची वीज. असा हिशेब वहीत आला की आपल्याकडचा कुठलाही दुकानदार वही पुन्हा तपासतो.

ती तपासली जर्मनीत ड्रेस्डेनला, मार्टिन टायमार यांच्या प्रयोगशाळेने. २०१८ मध्ये त्यांनी डब्यात जाणाऱ्या मायक्रोवेव्ह जवळजवळ बंद करून टाकल्या, तरी काटा हललेलाच! मग संशय वायरींवर गेला. त्यांच्यातून वाहणारा प्रवाह आणि पृथ्वीचं चुंबकत्व यांची ती ओढाताण असावी. २०२१ पर्यंत त्यांनी तराजूची टांगणीच बदलली, आणि उरलासुरला रेटा गायब. वीज चालू झाली की डबा तापायचा, धरणारे भाग किंचित वाकायचे, आणि तराजूचं शून्यच सरकायचं.

मी हे वाचलं तेव्हा आमचे जुने मिस्त्री आठवले. लेथवरून नुकताच उतरलेला जॉब पोरगं मायक्रोमीटरमध्ये धरायला गेलं की ओरडायचे, “गरम हाय की अजून, काय मापायलास?” मीटरभर पोलाद एका अंशाला अकरा-बारा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे अकरा-बारा हजारावे भाग, वाढतं, म्हणून तर जगभर लांबीची मापं वीस अंश सेल्सिअसला धरतात. नासातली माणसं काही कच्ची नव्हती, उष्णतेचा हिशेब त्यांनीही केला होता. पण इतक्या बारीक रेट्याला तो पुरला नाही.

आता खरं चालतं ते सांगतो. अट एकच : ढकलायला बाहेरचं काहीतरी हवं. ते पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र असेल, एखाद्या ग्रहाचं गुरुत्वाकर्षण असेल, नाहीतर ऊन.

उन्हाला दाब असतो. पृथ्वीपाशी, चांगल्या आरशावर, चौरस मीटरला साधारण नऊ मायक्रोन्यूटन. एकरभर आरसा पसरला तरी चार ग्रॅम वजनाइतका रेटा भरणार नाही. पण तो संपत नाही, महिनोन्महिने मिळत राहतो. जपानने २०१० साली इकारोस हे यान शुक्राच्या दिशेने पाठवलं : चौदा मीटर बाजूचं चौकोनी शीड, जाडी फक्त साडेसात मायक्रॉन. उन्हाच्या रेट्याने ते खरोखर ढकललं गेलं. पुढे २०१९ मध्ये लाइटसेल-२ ने बत्तीस चौरस मीटरच्या शिडावर पृथ्वीभोवतीची आपली कक्षा बदलून दाखवली. सूर्यापासून दूर मात्र याचा जीव कमी. गुरूपाशी ऊन सत्तावीस पट फिकं.

आपल्या रेडिओचाही यात संबंध आहे. आकाशवाणीची केंद्रं एकमेकांना जोडणाऱ्या सुरुवातीच्या इन्सॅट उपग्रहांना सौरपट्टी एकाच बाजूला होती, कारण हवामानाच्या कॅमेऱ्याला थंड राहायला दुसरी बाजू मोकळी हवी होती. एकीकडेच ऊन दाबलं तर उपग्रह फिरणार. म्हणून समोरच्या बाजूला लांब दांड्यावर एक छोटं शीड. १९८२ च्या इन्सॅट-१ए चं ते शीड उघडलंच नाही. बाकीच्या अडचणी होत्याच. त्या सप्टेंबरात त्याचं नियंत्रणाचं इंधन संपलं आणि उपग्रह गेला. पुढच्या वर्षीच्या इन्सॅट-१बी ने मात्र बरीच वर्षं काम दिलं.

दूर ताऱ्यांपर्यंत जायच्या गप्पा मला अजून लांबच्या वाटतात. पण सूर्यावर नजर ठेवणारं, इंधन भरावं न लागणारं छोटं यान ही आजच्या कारागिरीच्या टप्प्यातली गोष्ट आहे. एप्रिल २०२४ मध्ये नासाने एसीएस-३ नावाचं शिडाचं छोटं यान चाचणीसाठी सोडलं. कार्बन फायबरच्या पातळ दांड्या चपट्या करून गुंडाळल्या, मायक्रोवेव्ह ओव्हनएवढ्या पेटीत बसवल्या, आणि वर गेल्यावर त्यांनी ऐंशी चौरस मीटर शीड उलगडलं. चारांपैकी एक दांडी थोडी वाकली. उद्यमबागेतल्या आणि इथल्या इंजिनियरिंग कॉलेजांतल्या पोरांनी डोकं घालायचं तर त्या दांडीत घालावं : वजन ग्रॅममध्ये, लांबी मीटरमध्ये, एका बाजूला ऊन तर दुसऱ्या बाजूला कडाक्याची थंडी, आणि तरी सरळ राहिली पाहिजे.

नमस्कार.