एक रुपया, चार टांकसाळी

टेबलावर चार नाणी शेजारी शेजारी मांडली आहेत. चारही एक रुपयाची, चारही १९८५ सालची. एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह. दुसऱ्या बाजूला मोठा एकचा आकडा, त्याच्या दोन्ही अंगांना कणसं आणि खाली साल. तांबं-निकेलच्या मिश्रधातूची, सहा ग्रॅमची ही नाणी कुणी सुट्टे म्हणून हातावर ठेवली असती, तर आपण न बघताच खिशात टाकली असती.

आता भिंग घ्या आणि फक्त सालाखालची जागा बघा. नाणं कुठल्या टांकसाळीत पाडलं, ते तिथली खूण सांगते.

पहिल्या नाण्यावर सालाखाली मधोमध, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची बारीक खूण आहे. संग्राहक तिला सरळ ‘डायमंड’ म्हणतात. हे नाणं मुंबईचं. फोर्टातल्या ज्या टांकसाळीचं काम १८२९ साली पुरं झालं, तिथलं.

दुसऱ्या नाण्यावर तीच जागा मोकळी आहे. हे कोलकात्याचं. ब्रिटिश अमदानीपासून कोलकात्याची बहुतेक नाणी अशी बिनखुणेचीच निघत आली. तिथे काही नसणं हीच त्या टांकसाळीची ओळख.

तिसरं नाणं नवख्याला हमखास चकवतं. डायमंड दिसतो, आणि हात ‘मुंबई’ लिहिलेल्या पाकिटाकडे जातो. थांबा. हा डायमंड मधोमध नाही, सालातल्या पहिल्या आकड्याखाली, म्हणजे एकच्या खाली आहे. हे नाणं भारतात पाडलेलंच नाही. ते आलं वेल्समधल्या लँट्रिसंटहून, ब्रिटनच्या रॉयल मिंटमधून. नुसता आकार ओळखून भागत नाही. खूण कुठे बसली आहे, हेही तितकंच बघावं लागतं.

आणि चौथ्यावर इंग्रजी ‘एच’. एच म्हणजे हैदराबाद, असं म्हणावंसं वाटणारच. पण हैदराबादची ओळख म्हणजे चांदणी, आणि त्याआधीच्या काही नाण्यांवर दुभंगलेला डायमंड. हा एच बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचा. १९१२ आणि १९१९ च्या काही ब्रिटिश पेनींवरही हाच एच सापडतो.

आपला रुपया परदेशात का पाडावा लागला? त्या काळात सुट्ट्यांची फार टंचाई होती. दुकानात सुट्ट्या पैशांऐवजी गोळ्या हातात पडायच्या, ते दिवस अनेकांना आठवत असतील. आपल्या टांकसाळींना मागणी झेपेना, म्हणून सरकारने बाहेरून नाणी पाडून आणली. टंचाईची ती आठवण एका अक्षराएवढ्या जागेत आजही शाबूत आहे, आणि या नाण्याचं मोल आम्हाला त्यातच दिसतं.

उलटंही घडलं आहे. १९१८ साली, पहिल्या महायुद्धाच्या काळात, मुंबईत रॉयल मिंटची शाखा काढून ‘सॉव्हरिन’ ही ब्रिटनची सोन्याची नाणी पाडली गेली. त्यांच्यावरच्या चित्रात, घोड्यावरच्या सेंट जॉर्जच्या पायाखालच्या जमिनीवर, सालाच्या वर, इंडियाचा ‘आय’ दिसतो. फक्त त्या एका वर्षाच्या सॉव्हरिनवर.

पुन्हा आपल्या रुपयाकडे येऊ. वापरून झिजलेल्या डायमंडचे कोपरे गोल होतात आणि तो ठिपक्यासारखा दिसायला लागतो. ठिपका ही नोएडाची खूण. पण नोएडाची टांकसाळ सुरू झाली १९८८ मध्ये, तेव्हा १९८५ च्या नाण्यावर ती असायचं कारणच नाही. अशा वेळी साल हाच साक्षीदार. डायमंड पार पुसला गेला असेल, तर मुंबईचं नाणं कोलकात्याचं भासतं. मग सालाचे आकडे बघायचे. ते ठसठशीत असतील, तर खूण झिजलेली नाही, ती मुळातच नव्हती. तेही सपाट झाले असतील तर पाकिटावर टांकसाळीचं नाव लिहू नये, जागा कोरी सोडावी.

नाणं नेहमी कडेने धरा. दिव्याखाली थोडं तिरकं करा, म्हणजे उठावाची सावली पडते आणि झिजलेली खूणही वर येते. कुणी मागाहून कोरलेली किंवा खरवडलेली खूण असेल, तर आजूबाजूच्या धातूची चमक वेगळी दिसते.

एक कळकळीची विनंती. चिंच, राख, लिंबू यांपैकी काहीही नाण्याला लावू नका. घासल्यावर नाणं लखलखतं खरं, पण डायमंडचे ते चार कोपरे सगळ्यात आधी जातात, आणि ते परत आणता येत नाहीत.