मलेरियाचं औषध सेप्सिसवर चालेल? उंदरांकडून मिळालेलं अर्धं उत्तर

नमस्कार. गोव्यात पावसात ताप आला की रक्त तपासून घे, हे घरातली म्हातारी माणसंही सांगतात. बांधकामावरच्या मजुरांना तर मलेरियाची तपासणी करूनच आरोग्य कार्ड मिळतं. त्यामुळे क्लोरोक्विन, आर्टेसुनेट ही नावं आपल्याला परकी नाहीत. पण हीच औषधं संशोधक सेप्सिसच्या उंदरांवर वापरून बघताहेत.

सेप्सिसमध्ये जंतूंशी लढता लढता शरीराचा प्रतिकार इतका बेताल होतो की आपलीच मूत्रपिंडं, फुप्फुसं निकामी व्हायला लागतात. २०१७ मध्ये जगभरात सुमारे १ कोटी १० लाख माणसं यात दगावली, असा अंदाज आहे. अँटिबायोटिक जंतू मारतं, पण हा बेताल प्रतिकार आवरणारं खात्रीचं औषध अजून हाती नाही.

प्रयोगात उंदराला भूल देऊन त्याच्या मोठ्या आतड्याची सुरुवातीची पिशवी दोऱ्याने बांधतात आणि सुईने तिला भोक पाडतात. आतले जंतू पोटात पसरतात, सेप्सिस होतो. अशा उंदरांना क्लोरोक्विन दिलं तेव्हा मूत्रपिंडांची हानी कमी झाली आणि जास्त उंदीर जगले.

हे कसं होतं, तो भाग मला फार आवडतो. आपल्या पेशींच्या आत आम्लयुक्त कप्पे असतात. तिथे टीएलआर-९ नावाचं प्रथिन जंतूंचा डीएनए ओळखतं आणि दाह पेटवतं. क्लोरोक्विन त्या कप्प्यातलं आम्ल कमी करतं, म्हणून टीएलआर-९ला नीट काम करता येत नाही. आर्टेसुनेटनेही उंदरांमध्ये दाह वाढवणारी रसायनं कमी केली.

मग अडतंय कुठे? वेळेवर! प्रयोगात सेप्सिस कधी सुरू झाला ते मिनिटाला माहीत असतं, औषध आधीच किंवा काही तासांत देता येतं. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, पोचणारा रुग्ण कदाचित तीन दिवस तापात काढून आलेला असतो, वर मधुमेह. याच टीएलआर कुटुंबातल्या टीएलआर-४ला रोखणारं एरिटोरन हे औषध प्राण्यांत आशादायक होतं. माणसांवरच्या मोठ्या चाचणीत, २०१३ मध्ये, त्याने मृत्यू कमी झाले नाहीत.

म्हणून कळकळीने सांगते, घरात उरलेली मलेरियाची गोळी तापावर घेऊ नका. क्लोरोक्विनमुळे हृदयाचे ठोके बिघडू शकतात. तापात माणूस बरळू लागला, धाप लागली, लघवी कमी झाली, तर तडक इस्पितळ गाठा.

आणि पुढची बातमी आली की एवढंच बघा: औषध उशिरा दिलं होतं का, अँटिबायोटिकच्या जोडीने दिलं होतं का, आणि उंदीर म्हातारे होते की तरणे.