नोकरी गेली त्याच आठवड्यात क्लेम टाका

(एडिसन, न्यू जर्सी इथल्या मराठी मंडळींसमोर केलेलं बोलणं, थोडं नीट करून)

मी काही वकील-बिकील नाही, आयटीवाला आहे, आणि आज बेकारी विम्याबद्दल, म्हणजे नोकरी गेल्यावर राज्य सरकारकडून दर आठवड्याला मिळणाऱ्या पैशांबद्दल बोलतोय ते केवळ मी जो गाढवपणा केला तो तुम्ही करू नये म्हणून. २०२३ च्या मार्चमध्ये माझा लेऑफ झाला. सकाळी नऊला पंधरा मिनिटांची मीटिंग, दहाला लॅपटॉप बंद. त्यानंतर तीन आठवडे मी रोज डबा घेऊन लायब्ररीत जाऊन बसत होतो, कारण सासूबाई पुण्याहून आलेल्या आणि त्यांना सांगायची लाज. बायकोला माहीत होतं, डबा तीच भरून द्यायची!

त्या पैशांसाठीचा अर्ज, म्हणजे क्लेम, टाकला चौथ्या आठवड्यात. आता इथे गंमत अशी आहे की न्यू जर्सीत तुम्ही ज्या आठवड्यात क्लेम टाकता त्या आठवड्याच्या रविवारपासून तो सुरू होतो, नोकरी गेली त्या दिवसापासून नाही. मागची तारीख हवी तर सबळ कारण लागतं, आणि 'सासूबाई घरी होत्या' हे काही त्यात बसत नाही. तेव्हा आठवड्याची कमाल रक्कम होती ८३० डॉलर. तीन आठवडे धरा, २,४९० डॉलरची लाज झाली ती. तुम्ही म्हणाल, उशिरा टाकला तरी जास्तीत जास्त २६ आठवडे तर पुढेही मिळतातच की, मिळतात ना, पण मला पाचव्या महिन्यात नोकरी लागली, म्हणजे ते गेलेच.

आणि ही लाज कशाची, तर फुकटचं खातोय असं वाटतं. अहो, तुमचा पे स्टब, म्हणजे पगाराची स्लिप, काढून बघा, त्यात यूआय (अनएम्प्लॉयमेंट इन्शुरन्स, हाच बेकारी विमा) म्हणून बारीकशी कपात असते. बहुतेक राज्यांत हा पैसा फक्त कंपन्या भरतात, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि अलास्का इथे मात्र आपल्या पगारातूनही कापतात. हा विमा आहे. गाडी ठोकली की इन्शुरन्सवाल्याला फोन करताना लाजतो का आपण?

रक्कम साधारण तुमच्या सरासरी आठवडी पगाराच्या ६० टक्के, पण वर मर्यादा, २०२५ साली ती ८७५ डॉलर. यावर फेडरल टॅक्स लागतो, न्यू जर्सीचा लागत नाही, तेव्हा १० टक्के आधीच कापून घ्या म्हणून सांगा, नाहीतर एप्रिलमध्ये रडाल. एकरकमी सेव्हरन्स, म्हणजे काढून टाकताना कंपनी देते ते पैसे, मिळाला म्हणून क्लेम अडत नाही. पण कंपनी पगारच पुढे चालू ठेवत असेल किंवा नोटिशीच्या बदल्यात पगार देत असेल तर तेवढे दिवस थांबावं लागतं. कंपनीच्या पत्रात नेमका कुठला शब्द आहे ते वाचा.

मग दर आठवड्याला सर्टिफाय करायचं, म्हणजे प्रश्नांना उत्तरं द्यायची: कामाला तयार होतात का, शोधत होतात का, काही कमावलं का. इथे आपली माणसं फसतात. आई आजारी म्हणून दोन आठवडे भारतात गेलात, तर त्या आठवड्यांत तुम्ही इथल्या कामाला उपलब्ध नाही, विमानतळावर बसून 'हो' दाबू नका. आणि कोणाच्या केटरिंगमध्ये मदत करून २०० डॉलर मिळाले तर सांगून टाका, फार काही जात नाही. समजा तुमचे आठवड्याचे ८०० आहेत, तर त्याच्या २० टक्के म्हणजे १६० पर्यंत माफ, वरचे ४० फक्त वजा, ७६० येतातच. पैसे हातात कधी आले ते नाही, काम कुठल्या आठवड्यात केलं ते लिहायचं.

ग्रीन कार्डवाल्यांचा एक ठरलेला प्रश्न, याने सिटिझनशिप अडेल का? नाही, हा विमा पब्लिक चार्जमध्ये, म्हणजे सरकारी मदतीवर जगणारा माणूस ठरवताना, मोजतच नाहीत. एच-१बी या कामाच्या व्हिसाचं मात्र वेगळं, तिथे कामाची परवानगीच कंपनीला बांधलेली आणि नोकरी गेल्यावर हातात जास्तीत जास्त ६० दिवस, त्यामुळे फॉर्ममध्ये कामाच्या परवानगीचा प्रश्न आला की अंदाजाने उत्तर ठोकू नका, आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला.

क्लेम नाकारला तर पत्रावरची तारीख बघा, अपिलाला २१ दिवस असतात, आणि ते पत्र फ्रिजवर लावून ठेवा, ड्रॉवरमध्ये नको.

बरं, त्या कोपऱ्यात दोन लॅपटॉप मांडलेत, पे स्टब आणले असतील त्यांनी तिकडे चला, चहा तिथेच येईल. आज शनिवार आहे, आज क्लेम गेला तर हा आठवडा धरला जाईल, उद्या टाकलात तर नाही.