लग्नात वाजवायचं काय, गायचं कोणी?

श्रोते हो, नमस्कार.

तुळशीचं लग्न लागलं की आपल्या सीमाभागात लगीनसराईची लगबग सुरू होते. कार्यालय ठरतं, आचारी ठरतो, बस्ता बांधायला शहापूरच्या नाहीतर निपाणीच्या पेठेत चकरा होतात. वाजंत्रीचा विषय मात्र निघतो अगदी शेवटी, पत्रिका वाटायला लागल्यावर. मग एखादा पुतण्या म्हणतो, "काका, डॉल्बी मी सांगतो, माझ्या ओळखीचा आहे," आणि विषय तिथंच मिटतो. तो इतक्या झटक्यात मिटू नये, म्हणून आज बोलायला बसलो आहे.

आपल्याकडचं लग्न जरा वेगळं असतं. नवरी खानापूरकडची, नवऱ्याचे मामा गोकाकचे, चुलत आजोळ कागलचं, असा गोतावळा मांडवात जमतो. एका बाकावर मराठी चाललेलं असतं, शेजारच्या बाकावर कन्नड, आणि वाढपी दोन्ही भाषांत आग्रह करत फिरत असतात. अशा मांडवात शहरातून आणलेल्या निवेदकाने मराठी विनोद सांगितले की अर्धे पाहुणे नुसते बघत बसतात. उलटंही होतं. म्हणून कार्यक्रम ठरवताना पहिला प्रश्न विचारावा, की दोन्हीकडची म्हातारी माणसं यात रमतील का?

बाहेर सुपारी द्यायच्या आधी घरात चौकशी करा, हे माझं पहिलं सांगणं. कोण काय गातं, कोण काय वाजवतं, हे दोन्ही व्याह्यांनी एकमेकांना विचारावं. आपल्या आज्या घाणा भरताना, हळद दळताना ओव्या गात आल्या. कन्नड घरातल्या बायका त्याच वेळी सोबान पदं, म्हणजे त्यांची लग्नगीतं, म्हणतात. चिकोडीकडच्या एका हळदीत मी हे दोन्ही एका जागी ऐकलं. नवरीच्या आजीने जात्याच्या खुंट्याला हात लावून ओवी धरली. चार ओव्या झाल्या, आजीला धाप लागली, ती थांबली. समोर बसलेल्या नवऱ्याच्या कन्नड आत्याबाईंनी पदर सावरला आणि सोबान पद सुरू केलं. पहिल्या कडव्याला आमच्या बायका गप्प होत्या. दुसऱ्यापासून पालुपद उचलायला लागल्या. शब्दांचा अर्थ त्यातल्या किती जणींना कळला असेल कोण जाणे, पण ठेका पक्का सापडला होता. तासभर कुणी उठलं नाही, आणि बाहेर पोरांनी लावून ठेवलेला स्पीकर कुणाच्या लक्षातही राहिला नाही.

नाव घेण्याचंही तसंच. आपल्याकडे उखाणा, त्यांच्याकडे ओडपू. दोन्हीकडच्या सुना समोरासमोर बसवा, मध्ये दोन्ही भाषा येणारी एखादी हजरजबाबी काकू बसवा, आणि अर्थ सांगायचं काम तिच्याकडे द्या. खर्च काही नाही. यासाठी वेळ मात्र मुद्दाम राखून ठेवावा लागतो. अक्षता साडेबाराच्या, पंगत एकला, अशा घाईत ते घुसडू नये. आदल्या दिवशीची संध्याकाळ त्याला योग्य.

आता सुपारीचं. वरातीला आणि पाहुण्यांना सामोरं जायला हलगी, घुमकं आणि कैताळ या तालवाद्यांसारखं दुसरं काही नाही, असं मी ठामपणे म्हणेन. वाजवायच्या आधी हलगीवाला कागद नाहीतर पाचट पेटवतो, कातडं जाळावर धरतो, बोटांनी टिचकी मारून बघतो, परत धरतो. आवाज टणक झाल्याशिवाय तो टिपरू हातात घेत नाही. त्यासाठी त्याला दहा-पंधरा मिनिटं आणि कोपऱ्यातली जागा लागते. यजमान मात्र "आवरा, आवरा" म्हणून मागे लागतात. तसं करू नका. दमट हवेत सैल पडलेली हलगी वाजवायला लावणं हा त्या माणसाच्या कलेचा अपमान आहे. हलगीला भाषा आडवी येत नाही. अथणीचा पाहुणा आणि चंदगडचा पाहुणा एकाच चालीवर नाचतो. गोकाक-अथणी भागात सोयरिक असेल तर त्यांच्याकडच्या करडी मजल या वाद्यताफ्याचीही चौकशी करावी. तो ठेका मांडवात घुमला की आपली लेझीम खेळलेली माणसं आपोआप पुढे सरकतात.

विधी चालू असताना मात्र सनई हवी. ध्वनिफितीतली नको, समोर बसून वाजवणारी हवी. मंगलाष्टका लांबल्या, मामा नवरीला आणायला उशीर करायला लागले, तर समोरचा सनईवाला ते बघतो आणि त्याप्रमाणे सूर लांबवतो. ध्वनिफीत मध्येच संपते, मग कुणीतरी मोबाईल शोधत धावतं.

बेंजो पार्टीवर माझा राग नाही. चांगले वादक असतील तर मजा येते. राग आहे तो डॉल्बीच्या भिंतींवर. रस्त्यावरच्या घरातली तान्ही मुलं, हृदयविकाराची माणसं, गोठ्यातली जनावरं यांचं काय होतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक लावता येत नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवतालची किमान १०० मीटरची जागा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येते. वरातीची वाट आखतानाच हे बघून घ्या. नाहीतर नवरा-नवरी गाडीत बसलेली आणि वडीलमंडळी पोलिसांशी हुज्जत घालत उभी, अशी वेळ येते.

गोंधळाबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. हल्ली लोक गोंधळ्यांना म्हणतात, "तासाभरात उरका." अहो, गोंधळ हा कुळाचार आहे आणि रात्रभर रंगणारी कलाही आहे. चौक भरायचा, पाच उसांच्या धाटांखाली घट मांडायचा, दिवटी पाजळायची. मग संबळ आणि तुणतुण्यावर तुळजापूरच्या भवानीला, कोल्हापूरच्या अंबाबाईला, जोतिबाला, सौंदत्तीच्या यल्लम्माला नाव घेऊन बोलावायचं. आख्यान त्यानंतर. तासाभरात उरकायचं म्हटलं की आख्यानच कापलं जातं, आणि खरा रंग तर तिथं असतो. यल्लम्मा दोन्ही भाषांतल्या माणसांची. आपल्याकडच्या कित्येक गोंधळ्यांना कन्नडही येतं. "उदे गं अंबे उदे" म्हणणारे आणि "उधो उधो" म्हणणारे एकाच चौकाभोवती बसतात. गोंधळ ठेवायचा तर अख्खी रात्र द्या. दुसऱ्या दिवशी कामधंदा असेल तर चार दिवसांनी घाला, पण पुरता घाला.

स्वागत समारंभात मंचावर गाणं ठेवायचं असेल तर सुगम संगीत शिकणारी आपल्या भागातली मुलं-मुली बोलवा. दोन अभंग, दोन दासर पदं (कन्नड हरिदास संतांची भजनं), चार भावगीतं. गदगच्या मातीतल्या भीमसेन जोशींनी संतवाणी आणि दासवाणी दोन्ही तितक्याच जीव ओतून गायिली. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली आपल्या सुळेभावीचा. त्यांच्या मुलखात गाणारी मुलं मिळणार नाहीत असं कसं होईल? फक्त आवाज इतका बेताचा ठेवा, की जेवणाऱ्यांना शेजाऱ्याशी बोलता येईल. वर्षभराने भेटलेल्या बहिणींना एकमेकींशी बोलायचं असतं.

शेवटचं, व्यवहाराचं. दाट तिथीला चांगला ताफा महिनाभर आधी सांगितला तरी मिळत नाही, म्हणून कार्यालयाबरोबरच वाजंत्रीचा विसार द्या. किती तास वाजवायचं, किती माणसं येणार, गाडीभाडं कुणाकडे, पाऊस आला तर काय, हे तोंडी न ठेवता कागदावर लिहा. ताफ्याशी बोलायला घरातला एकच माणूस नेमा, नाहीतर दहा जण दहा फर्माइशी करतात. त्यांना पहिल्या नाहीतर दुसऱ्या पंगतीला, आपल्या माणसांसारखं पानावर बसवून वाढा. आणि उरलेली बिदागी वरात निघायच्या आधी त्यांच्या हातात ठेवा. रात्री बाराला मांडव सोडवताना व्याह्यांच्या मागे फिरायची वेळ त्यांच्यावर आणू नका.

नमस्कार.